सड्यावरचं कापरं

आमच्या घरी बाबा येण्याआधी त्यांची गाडी ऐकू यायची. सड्यावरून, गावावरच्या कातळाच्या पठारावरून, रस्ता गावात उतरायला लागतो तिथे, काजूंच्या मागच्या वळणावर, ती दम टाकल्यासारखी एकदा हुंकारायची. मग खालच्या व्हाळाच्या साकवावर, ओढ्यावरच्या त्या लाकडी पुलावर, चाकांचा खडखडाट. मग बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकाशी, येऊन थांबताना ब्रेकची बारीक, रडवी शीळ. आई पहिल्या हुंकाराला चुलीतली लाकडं पुढे सारायची आणि साकव वाजला की पेजेवरचं झाकण काढायची. बाबा पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत उकड्या तांदळाची पेज, भाजलेला सुका बांगडा आणि खोबऱ्याची कातळी पानात असायची. जेवणानंतर अर्धा कप चहा. आमचे सगळ्यांचे कप भरलेले आणि बाबांचा तेवढा अर्धा. तो संपला की आई पुन्हा अर्धा ओतायची. मी एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, "भरलेलो कप पिईसर निवता." भरलेला कप पिईपर्यंत थंड होतो, हे मला पटलं होतं, आणि घरातल्या पटलेल्या गोष्टींकडे आपण पुन्हा बघत नाही.

माझा थोरला भाऊ, भाई, या वर्षी भातं पोटरीला आली असताना गेला. तेव्हापासून ही हकिकत लिहायची म्हणते आहे. जन्मभर शाळेत मुलांना निबंध शिकवले, पण स्वतःचं एक पान लिहायला बसलं की हात वहीवर नुसता राहतो. एक वाक्य लिहिते, उठून परसात फेरी मारते, परत येते. आता ही गोष्ट माहीत असलेलं माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही. म्हणून घाई नाही, आणि उशीरही करता येत नाही.

गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची होती. काळी, विलायतेहून आलेली, दोन्ही अंगांना पाय ठेवायला पायऱ्या असलेली. बाबा तरुणपणी मुंबईत एका शेठकडे गाडी चालवत. शेठने नवी घेतली तेव्हा ही जुनी बाबांच्या हाती आली आणि त्यांनी ती गावी आणली. आमच्या गावापासून मिठबावपर्यंतच्या पट्ट्यात तेव्हा भाड्याची ती एकच मोटार. बाळंतीण माहेरी आणायची, म्हातारं माणूस दवाखान्यात न्यायचं, मुंबईकराला हमरस्त्यावर बसपर्यंत पोचवायचं, तर माणसं बाबांना, येसू डायवरला, सांगून जात. मॅट्रिकच्या वर्गात मी बाहेरगावी राहत होते. सोमवारी त्याच गाडीतून जायचं, शनिवारी त्याच गाडीतून परत.

बाबांचं लहानपण होडीत गेलं होतं. त्यांचे वडील तांडेल, होडीचे सुकाणू धरणारे, आणि होडीवरचं शिकलेलं माणूस विसरत नाही. पावसाळा आला की किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवतात, खरवडतात, त्यांना मोरी माशाच्या काळजाचं तेल पाजतात, आणि नारळी पुनवेला नारळ देऊन पाण्यात लोटतात. बाबा गाडीचंही तेच करीत. आषाढात रस्ता बंद पडला की गाडी मांगरात, परसातल्या खोपीत, जायची. तिचं जे जे सुटं होईल ते सुटं करून गोणपाटावर मांडलेलं असायचं. गंज शिंपल्याच्या कडेने खरवडायचा, नारळाच्या चोडाने, वरच्या काथ्याच्या सालीने, घासायचं, वर मोरीचं तेल. सगळा मांगर माशासारखा वास मारायचा आणि मांजरं गाडीखालून हलायची नाहीत. पुनवेला सगळं जोडून, पुढच्या चाकापाशी नारळ फोडून, गाडी रस्त्यावर. उतारू कुरकुरत, "येसू, तुझ्या गाडयेत बसल्यार घराकडे बायल इचारता, मासळी खंय ती." मोटार सुटी करताना कुठला भाग कुठे होता याची खूण ठेवायची असते, हे शेठच्या गॅरेजवाल्याने बाबांना सांगितलं असेलही. होडीच्या फळ्यांना अशी खूण लागत नाही. फळी आपली जागा आपण ओळखते.

मी मॅट्रिकच्या वर्गात गेले त्या वर्षी उन्हाळ्यात सड्यावर डांबर आलं. तोवर तो तांबडा, दगडगोट्यांचा रस्ता. गाडी बैलगाडीच्या थोडी पुढे, एवढंच. आता जांभ्या कातळावरून नाकासमोर सरळ काळी पट्टी गेली. रस्ता रुंद करताना कामगारांनी देवचाराचा दगड उचलून दोन हात मागे सारला. देवचार म्हणजे त्या सड्याचा राखणदार. येणारा जाणारा तिथे विडी ठेवी, नाहीतर निदान हात जोडी. दगड हलवला तेव्हा कोणी त्याला गाऱ्हाणं घातलं नव्हतं. ही गोष्ट गावाने मनात ठेवली होती.

पुनवेनंतरच्या सोमवारी मी मागे बसले होते. पुढे बाबांच्या शेजारी नारळाचे व्यापारी गुणाजीकाका. गाडी सड्यावर आली, वेग धरू लागली, आणि माझ्या तळपायांना मुंग्या आल्यासारखं झालं. मग ते आसनात चढलं. दारांच्या काचा किणकिणू लागल्या, गुणाजीकाकांची छत्री आपोआप सरकत सरकत माझ्या पायावर येऊन पडली. मैलांचा काटा पस्तिसाच्या वर गेला होता. समोर देवचाराचा दगड दिसत होता. बाबांनी पाय उचलला, गाडी हळू झाली, थांबली, आणि सगळं शांत.

"बघलंस?" गुणाजीकाका म्हणाले. "हयसरच धरता. तेका न इचारता उचललो, आता तो गाडी उचलतलो."

बाबांनी उतरून विडी ठेवली, हात जोडले. त्यानंतर गाडी धीम्याने पुढे गेली आणि उतार लागेपर्यंत काही झालं नाही. गुणाजीकाकांना यापेक्षा पुरावा नको होता. दर खेपेला तसंच व्हायचं. सड्याच्या त्याच टापूत थरथर, दगडापाशी वेग कमी केला की बंद. पण गुणाजीकाकांना एका विनोदावर थांबवत नसे. पुढच्या सोमवारी ते म्हणाले, "रे येसू, नक्की गाडीच कापता मा? तुझ्या बापसाच्या हातात सुकाणूय असोच कापा." गाडीतली माणसं हसली. बाबाही हसले. आरशात मला त्यांचे डोळे दिसले आणि ते हसत नव्हते.

आजोबांना मी पाहिलं नाही. त्यांच्या हाताला उतारवयात कापरं भरलं होतं. खारेपाटणच्या खाडीत माल घेऊन जाताना त्यांच्याच पुतण्याने एक दिवस काही न बोलता त्यांच्या हातातलं सुकाणू काढून घेतलं. त्यानंतर ते होडीवर चढले नाहीत. 'कापरो तांडेल' हे नाव मात्र ते गेल्यावरही राहिलं. ज्याच्या हाताला कापरं, त्याच्या हातात माणसांचे जीव द्यायचे नाहीत, हा दर्यावरचा कायदा होता आणि बाबांना तो पुरता मान्य होता. त्या भाद्रपदात मी त्यांना विहिरीवर पाहिलं. कळशी काठावर ठेवून ते आपला उजवा हात समोर धरून बघत होते, वाचता न येणारं माणूस पत्राकडे बघतं तसे. मनगटात तांब्याचं वळं होतं. ते नवीन होतं. आईने कोणाच्या तरी सांगण्यावरून घातलं असावं.

चतुर्थीला भाई आला. तो मुंबईत एका मोटार-गॅरेजात होता, चार वर्षांत त्याचं चांगलं नाव झालं होतं आणि गणपती पोचवले की त्याला परत जायचं होतं. घरात काळ्या वाटाण्याचं सांबारं, आंबोळ्या, हळदीच्या पानातले पातोळे, आरत्यांनी बसलेले गळे. त्या गडबडीत बाबांनी गाडीचं काही काढलं नाही. गणपती व्हाळावर पोचवून आलो, रिकाम्या मखरापाशी सगळे बसलो, तेव्हा ते भाईला म्हणाले, "दत्ता, उद्या जरा सड्यार गाडी चलव."

"कित्याक? काय झाला?"

"तू चलव. माका सांग, कापता काय ती."

त्यांनी 'ती' या शब्दावर जोर दिला नव्हता. मला तो ऐकू आला.

सकाळी निघालो. भाई सुकाणूच्या चाकापाशी, बाबा त्याच्या शेजारी, मी मागे. सड्यावर काटा चढला आणि थरथर आली. बाबा भाईच्या हातांकडे बघत होते. भाई म्हणाला, "थरथरता. बरीच थरथरता." बाबांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. त्यांच्या मानेचा ताठपणा मागून उतरताना दिसला. ओझं खाली ठेवताना हमालाचे खांदे खाली येतात, तसे त्यांचे खांदे खाली आले. थोड्या वेळाने ते म्हणाले, "म्हंजे देवचारच."

"थांबा हो बाबा. देवचाराक इचारूया."

भाईने गाडी फिरवली आणि सड्याच्या दुसऱ्या टोकाला नेली. तिथून वेग धरला. थरथर दगडाच्या बऱ्याच अलीकडे सुरू झाली. मग त्याने वेग कमी केला आणि दगडासमोरून गाडी चालत्या माणसासारखी नेली. काही नाही. पुन्हा फिरून दगडासमोरून भरधाव. थरथर. "देवचार गाडी धरीत नाय," भाई म्हणाला. "काटो पस्तिसाच्या वर गेल्यार धरता. आणि तितको वेग तुमका ह्या सड्याशिवाय खंय गावता?"  पण परत जाताना त्यांनी दगडापाशी गाडी थांबवायला लावली आणि विडी ठेवली. संशय घेतल्याबद्दल असेल.

भाईला काम करताना बोलायची सवय होती. ते दोन दिवस तो मला सांगत होता आणि मी ऐकत होते. आम्ही दोघं एवढं बोललो असे दिवस नंतरही फार आले नाहीत. भर वेगात त्याने क्लच दाबला, इंजिनाचा आवाज उतरला, गाडी नुसती धावत राहिली. थरथर होती तशीच. म्हणजे इंजिन नव्हे. चाकं पुढची मागे, मागची पुढे केली. फरक नाही. मग त्याने आईकडे कांशाचा पेला मागितला.

"गाडयेत माझो पेलो कित्याक व्हयो?"

"गाडयेक तान लागली गो."

"तुमका बापलेकांक उद्योग नाय," म्हणत आईने दिला, पण पातोळ्यांचा डबाही बरोबर दिला. पेला पाण्याने काठापर्यंत भरायचा, तो मी गाडीत जागोजागी ठेवायचा आणि भर वेगात पाणी कसं हलतं ते सांगायचं. पुढे बाबांच्या पायापाशी पाण्यावर नुसती बारीक सुरकुती. मागे, मधल्या उंचवट्यावर, पाण्यात वर्तुळांवर वर्तुळं, आणि बघता बघता माझा परकर ओला. "बास," भाई म्हणाला. "खालचो शाफ्ट." इंजिनाचं फिरणं मागच्या चाकांपर्यंत नेणारी लोखंडी नळी त्या उंचवट्याखालून जाते, हे त्याने मला पातोळ्याच्या गुंडाळीवर दाखवलं.

"आणि ह्या ध्यानात ठेव बाय," तो म्हणाला. "गाडी थांबल्यार जा थांबता, ता गाडीचा. गाडी थांबल्यारय थांबना नाय, ता माणसाचा."

"म्हंजे गुणाजीकाकाची जीभ," मी म्हटलं. बाबा खळखळून हसले. त्या महिन्यात पहिल्यांदाच.

मांगरात गाडी माडाच्या ओंडक्यांवर चढवली. मागची चाकं अधांतरी फिरती ठेवून भाई खाली शिरला आणि फिरत्या शाफ्टजवळ खडू धरला. शाफ्ट वाकलेला असता तर खडू एका बाजूलाच लागला असता. रेघ सगळीकडून सारखी उमटली. सांधे हलवून पाहिले, ढिले नव्हते. मग इंजिन बंद करून तो पडल्या पडल्या म्हणाला, "बाय, तू त्या बाजून वाकून बघ. तुझ्याकडचो काटो कसो आसा? उभो काय आडवो?" शाफ्टच्या दोन्ही टोकांना दोन बोटांसारखे काटे असतात. माझ्याकडचा काटा सरळ उभा होता. त्याच्याकडचा उभा नव्हता, किंचित कलता होता, कोणी बोलावल्यावर मान वळवावी तसा. नळी दोन तुकड्यांची असते, एक तुकडा दुसऱ्यात दात्यांवर सरकून बसतो. तो एक दाता चुकून बसला होता. दोन्ही काटे एका रेषेत नसले की हळू चालताना कळत नाही; वेग आला की नळी अडखळत फिरते आणि सगळी गाडी कापते. तुकड्यांवर कारखान्याने खुणेचे बाण कोरलेले असतात. ते शिंपल्याने घासून घासून गेले होते.

भाई बाहेर आला. तेलाचे हात गोणपाटाला पुसत त्याने सगळं सांगितलं, फार सांभाळून सांगितलं. बाबा ओंडक्यावर बसले होते.

"माका ठावक होता," ते म्हणाले. "दाते बरोबर लागा नव्हते. दोनदा बघलंय. मगे पडलो थंय बसयलंय."

तुम्हाला इतक्या वर्षांची सवय, मग याच वर्षी दाते का लागले नाहीत, हे आम्ही दोघांनीही विचारलं नाही. आज मला त्या वाक्यात सगळं दिसतं. त्या दिवशी मला फक्त चुकलेला दाता दिसत होता आणि तो सापडल्याचा आनंद.

भाईने शाफ्ट सोडवून नीट बसवला, नवे बाण पोगराने, बारीक छिन्नीने, कोरले, आणि दुपारी उन्हं कलल्यावर आम्ही सड्यावर गेलो. या वेळी बाबा चाकापाशी बसले. भाई आणि मी मागे, मधल्या उंचवट्यावर काठोकाठ पेला. काटा पस्तिसाला आला, चाळिसाला गेला. पेल्यातलं पाणी आभाळ घेऊन स्थिर होतं. काचा गप्प. एवढी शांत गाडी मी तोवर अनुभवली नव्हती. कातळावरच्या गवतातून वारा जाताना ऐकू येत होता. भाईने मला कोपराने ढोसलं. आणि त्या शांततेत मला आणखी एक आवाज ऐकू आला. टिक टिक टिक टिक. बारीक, धातूचा, एकसारखा.

मला वाटलं काही तरी सैल राहिलं. भाईलाही तसंच वाटलं असावं, तो पुढे झुकून कान देऊ लागला. देवचाराचा दगड आला. बाबांनी सवयीने वेग कमी केला. टिक टिक तेवढ्याच गतीने. गाडी थांबली. बाबांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं, आता विडी ठेवायची, या वेळी आनंदाने. इंजिन बंद झालं, वारा होता, आणि टिक टिक चालू होतं. बाबांचा उजवा हात सुकाणूच्या चाकावर विसावला होता आणि मनगटातलं तांब्याचं वळं चाकाच्या कडेवर वाजत होतं.

गाडीचं काय आणि माणसाचं काय, हे भाईचं वाक्य मला आठवलं. त्यालाही आठवलं असणार, कारण तो माझ्याकडे बघेना.

बाबांनी डावा हात उजव्यावर ठेवला. आवाज थांबला. ते तसेच बसून राहिले, देवळात बसतात तसे. मग खिशातली विडी मागे केली. "दत्ता, तू ठेव." भाई उतरला, विडी ठेवली, परत येईपर्यंत बाबा दार उघडून दुसऱ्या बाजूला येऊन उभे राहिले होते. "आता तूच चलव," ते म्हणाले. "माका जरा दर्या बघूचो आसा. इतकी वर्सां ह्या रस्त्यार गेली, दर्या काय बघूक गावलो नाय." सड्यावरून तो खरोखरच फार मोठा दिसतो. घरी येईपर्यंत ते त्याच्याकडेच बघत होते, उतार लागून माडांनी तो झाकल्यावरही.

आईने साकव वाजलेला ऐकलाच होता. चहा तयार होता. तिने गाडीतून कोण कुठल्या दाराने उतरलं ते पाहिलं. चार कप मांडले. तीन भरले, बाबांचा अर्धा. बाबांनी तो दोन्ही हातांनी उचलला. अर्ध्या कपातला चहा हलतो, पण सांडत नाही. मी आईकडे बघितलं. ती किटलीकडे बघत होती. किती दिवसांपासून तिला माहीत होतं, ते मी तिला तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही नाही.

भाईने आपला भरलेला कप तिच्यापुढे सरकवला. "माकाय अर्धोच दी गो," तो म्हणाला. "भरलेलो बेगीन निवता." आईने त्यातला अर्धा किटलीत परत ओतला. मीही माझा पुढे केला.

भाईने मुंबईचं जाणं एका आठवड्याने पुढे ढकललं, मग आणखी थोडं, आणि मग ते कोणी विचारेनासं झालं. गाडी तो चालवू लागला. बाजारात बाबा भाईबद्दल सांगत, झिलाक आता गाडयेची हौस आयली, माकाच बसूक देणा नाय. 'कापरो' हे नाव त्यांना कधी पडलं नाही. आमच्या घरात कोणाचाच कप भरलेला नसायचा, मग आल्या-गेल्याला वेगळं ते काय दिसणार. बाबा गेल्यावरही भाईने ती सवय सोडली नाही. अर्धा कप, मग पुन्हा अर्धा.

भाईच्या बाराव्याला त्याच्या सुनेने पान वाढलं आणि पानाशेजारी त्याच्या आवडीचा चहा ठेवला, शेवटचा म्हणून काठोकाठ. मी तो कप उचलला, अर्धा किटलीत परत ओतला आणि होता तिथे ठेवला.

"आत्ये, कित्याक ओ?" तिने विचारलं.

"बेगीन निवता," मी म्हटलं.